नवे मुख्याध्यापक, जुना स्टाफ: शिक्षकांची काळजी घेण्याचे पहिले वर्ष

गोव्यात मुख्याध्यापकपद बहुतेक वेळा सेवाज्येष्ठतेने येते. काल ज्या स्टाफरूममध्ये बसून तुम्ही शिक्षण खात्याच्या परिपत्रकांवर नाक मुरडत होता, तिथेच आज तुमच्या सहीची परिपत्रके फिरतात. चार्ज घेताना डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या सामानाची नोंदवही), कॅशबुक, कपाटांच्या किल्ल्या सगळे मोजून हातात मिळते. स्टाफमध्ये कोण थकले आहे, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे मात्र कुठल्याच रजिस्टरात नसते.

हा लेख नुकतेच त्या खुर्चीत बसलेल्यांसाठी आहे. अनुदानित हायस्कूल असो, सरकारी प्राथमिक शाळा असो किंवा 'प्रभारी' म्हणून गळ्यात पडलेले काम असो. माझे मत सुरुवातीलाच सांगते. शिक्षकांचे स्वास्थ्य म्हटले की शिक्षकदिनाला योगशिक्षक बोलवायचा आणि सगळ्यांना एक तास डोळे मिटून बसवायचे, असा प्रघात पडला आहे. योगाला माझा विरोध नाही. पण डोळे मिटलेल्या बाईंच्या मनात न तपासलेल्या वह्याच मोजल्या जात असतात. शिक्षक थकतो तो वेळापत्रकाने, मोबाईलने आणि चारचौघांत झालेल्या अपमानाने. यातले बरेचसे मुख्याध्यापकाच्या हातात असते. म्हणून आधी कामाचे बघा, मनाचे त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये आपल्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआऊट'ची नोंद आजार म्हणून केली नाही, कामाच्या ठिकाणी घडणारी गोष्ट म्हणून केली. सतत थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, अशी त्याची तीन लक्षणे तिथे दिली आहेत. दर वर्षी स्नेहसंमेलन बसवणारे सर यंदा "कोणालाही द्या" म्हणाले, तर त्यांना आळस चढला असे लगेच समजू नका.

पहिले पंधरा दिवस: फक्त ऐका

या दिवसांत काही बदलू नका, घंटेची वेळसुद्धा. प्रत्येकाशी एकेकट्याने पंधरा-वीस मिनिटे बोला. ज्येष्ठ शिक्षकांपासून लेक्चर बेसिसवर (तासाप्रमाणे पैशांवर) आलेल्या नव्या मुलीपर्यंत सगळ्यांशी, आणि क्लार्क, शिपाई, बालरथाचा (शाळेच्या बसचा) ड्रायव्हर यांच्याशीही. ऑफिसात टेबलामागे बसून हे होत नाही, तिथे माणूस "सगळे ठीक आहे" म्हणून उठतो. रिकाम्या वर्गात किंवा ग्रंथालयात शेजारी बसा.

तीनच प्रश्न पुरतात. कोणते काम विनाकारण वेळ खाते? या शाळेतली कोणती गोष्ट मी बदलू नये असे वाटते? आणि घरून येण्याजाण्यात काही अडचण आहे का?

तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण बोलणे मोकळे होते ते तिथेच. गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम 105 किलोमीटरचा, तरी पेडण्याच्या माणसाची काणकोणला बदली झाली की त्याचा अर्धा दिवस बसमध्ये जातो. दिवाडी किंवा चोडणला शिकवायला जाणाऱ्यांचे घड्याळ फेरीबोटीवर चालते. सत्तरीत एखादी कदंबा बस चुकली की पुढची कधी येईल ते सांगता येत नाही. मस्टरवरची उशिराची लाल रेघ मारण्याआधी हे माहीत असलेले बरे.

ऐकलेले स्वतःजवळ ठेवा. गोव्यात कोणत्याही दोन माणसांमध्ये तिसरा ओळखीचा निघतोच. एका बाईंनी सांगितलेली घरची गोष्ट चार दिवसांनी देवळाच्या पायरीवर ऐकू आली, तर पुढच्या वर्षभर तुम्हाला कोणी काही सांगणार नाही. आणि पंधरवडा संपताना ऐकलेल्यातली एक छोटी, दिसणारी गोष्ट करून टाका. पंखा बदला, कपाटाला कुलूप लावा, झेरॉक्सचा कागद स्टाफरूममध्येच ठेवा. तुम्ही ऐकले होते, याचा तोच पुरावा.

पाणी आणि कडी

हा भाग छोटा आहे, पण कोणत्याही स्वास्थ्य-शिबिरापेक्षा मी तो वर ठेवीन. शिक्षिकांचे स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघा, किंवा पुरुष असाल तर एखाद्या ज्येष्ठ बाईंना स्पष्ट विचारा. आतून कडी लागते का, पाणी येते का, पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का, आणि तिथे जाऊन परत यायला दोन तासांच्या मधली मिनिटे पुरतात का? ते नीट नसेल तर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीचा संसर्ग, डोकेदुखी, बसलेला घसा. दुरुस्तीचा खर्च बहुधा एका सत्काराच्या शाली-नारळांइतका असतो.

वेळापत्रक: खरी मेख इथे

वेळापत्रक एकट्याने बसून करू नका, आणि 'जुनेच पुढे चालवू' असेही म्हणू नका. जुन्या वेळापत्रकात जुने रागलोभ मुरलेले असतात. दोन शिक्षक सोबत घ्या, त्यातला एक तरी वयाने लहान असू द्या. सलग तीनहून अधिक तास कोणाला नकोत. लांबून दोन बसा बदलून येणाऱ्याला पहिला तास टाळता आला तर टाळा. मधल्या सुट्टीनंतरचा तास आणि शेवटचा तास हे दोन सगळ्यांत जड, ते वर्षभर एकाच्याच वाट्याला येऊ देऊ नका.

तासांच्या संख्येइतकाच वह्यांचा हिशेब महत्त्वाचा. चार वर्ग, प्रत्येकी चाळीस मुले, म्हणजे मराठीच्या बाईंकडे एकशेसाठ वह्या. निबंधाची एक वही तीन मिनिटांत तपासली तरी एका फेरीला आठ तास लागतात. पीटीच्या सरांकडे वह्या नसतात, पण उन्हातान्हात मैदान असते आणि प्रत्येक कार्यक्रमाचा मंडप असतो. दोघांचे तास कागदावर सारखे दिसतात, काम सारखे नसते. भाषांच्या शिक्षकांशी बसून ठरवून टाका: निबंध किती आठवड्यांनी, कोणत्या वर्गाचा कोणत्या आठवड्यात, आणि कुठल्या वह्या मुलांनी एकमेकांच्या तपासल्या तरी चालतील. नुसती लाल टिक दाखवण्यासाठी होणारी तपासणी बंद केली तर मुलांचे काही बिघडत नाही.

आता बदली तासांची वही. कोणी रजेवर गेले की मोकळा तास असलेल्या कोणाला तरी त्या वर्गावर पाठवायचे, हे सगळ्या शाळांत चालते. वहीत तारीख, तास, वर्ग, कोणाच्या जागी कोण आणि शेवटी सही असे रकाने असतात. ती वही महिनाअखेरीस उघडा आणि प्रत्येक नावापुढे काठ्या मारा. बहुतेक शाळांत तीन-चार नावांपुढेच काठ्यांची रांग लागते. जो ऑफिसजवळच्या वर्गात असतो तो, जो 'नाही' म्हणत नाही तो, आणि जो नोकरीत कायम नाही तो. ही यादी स्टाफरूमच्या बोर्डावर लावा, कोणाला काही सुनावू नका. पुढच्या महिन्यात काठ्या आपोआप सरकतात. लेक्चर बेसिसवरच्या शिक्षकाला तर बदली तास देण्याआधी दोनदा विचार करा, त्याला पैसे तासाप्रमाणे मिळतात आणि त्या तासाचे मिळतीलच असे नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा किमान 45 तासांचा धरला आहे, आणि त्यात तयारीचे तासही मोजले आहेत. मोकळा तास म्हणजे रिकामा तास, असे समजणाऱ्या व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना हे वाक्य वाचून दाखवायला हरकत नाही.

घसा

कौलांवर जून-जुलैचा पाऊस कोसळू लागला, आणि वर पत्रे असतील तर विचारूच नका, की बाई ओरडूनच शिकवतात. शाळेचा म्हणून एक नियम ठरवा: पावसाचा आवाज वाढला की बोलणे थांबवायचे आणि लेखी काम द्यायचे. कमरेला लावायचे छोटे माइक-स्पीकर मिळतात, मोठ्या वर्गांसाठी एखाददुसरा शाळेने घ्यावा. घसा बसल्यावर कुजबुजत शिकवणे म्हणजे घशाला विश्रांती नाही. आवाजातला घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही, तर त्या शिक्षकाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि त्यासाठी रजा मागायची वेळ त्याच्यावर आणू नका.

परिपत्रके आणि मोबाईल

खात्यातून, भागशिक्षणाधिकाऱ्यांकडून, समग्र शिक्षाकडून, एससीईआरटीकडून, झालेच तर पंचायतीकडून मेसेज येत राहतात. यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती, मुलांचे अपार आयडी (विद्यार्थी ओळख क्रमांक), वृक्षारोपणाचे फोटो, अमुक दिवसाची शपथ घेतल्याचा व्हिडिओ. 'आज चारपर्यंत' असे लिहिलेले असते. नवा मुख्याध्यापक घाबरून प्रत्येक मेसेज जसाच्या तसा स्टाफच्या ग्रुपवर ढकलतो. शाळेच्या भिंतीबाहेरची घाई आत येते ती अशी.

तुमचे काम गाळणीचे आहे. आलेला मेसेज वाचा, तो कोणासाठी आहे ते ठरवा, फक्त त्यालाच द्या. माहिती क्लार्ककडे असेल तर शिक्षकाला विचारूच नका. मुलांच्या आधार क्रमांकाची तीच यादी वर्षात चार वेळा मागितली जाते, तेव्हा एकदा नीट एक्सेलमध्ये करून ऑफिसात ठेवा. फोटो हवेत तर ते काढायचे काम एकाच माणसाकडे द्या. नाहीतर दहा शिक्षक दहा फोटो काढतात आणि मुले उन्हात उभी राहतात.

ग्रुपला वेळ बांधा. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी ग्रुपवर काम नाही. खरोखर तातडीचे असेल तर मुख्याध्यापक फोन करतील. हा नियम पाळायचा असतो तो मुख्याध्यापकांनीच. रात्री साडेदहाला तुम्हाला काही सुचले तर कागदावर लिहा, सकाळी पाठवा. चतुर्थीच्या सुट्टीत तर काहीच नको. घरात गणपती, माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधायची गडबड, आणि बाई एका हाताने नेवऱ्या तळत दुसऱ्या हाताने गुणांची यादी भरताहेत, हे चित्र मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. त्या यादीची चतुर्थीत कोणालाच गरज नव्हती.

पालकांच्या ग्रुपमध्ये शिक्षकांना त्यांच्या खासगी नंबरांवरून ओढू नका. शाळेचा एक नंबर ठेवा, तो ऑफिसच्या फोनमध्ये असू द्या.

शिकवण्याबाहेरची कामे

शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 म्हणते की शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षणेतर कामाला लावू नये. म्हणजे बीएलओची (घरोघर जाऊन मतदारयादी तपासणाऱ्याची) ड्यूटी आली तर ती नाकारता येत नाही, पण भार वाटता येतो. 2025 च्या नोव्हेंबरात मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी गोव्यात सुरू झाली, तेव्हा बीएलओ असलेल्या शिक्षकांचे दिवस शाळेत आणि संध्याकाळी दारोदारी गेल्या. जनगणनेची माणसे मोजण्याची फेरी 2027 च्या फेब्रुवारीत आहे, म्हणजे नेमकी परीक्षांच्या तोंडावर. ज्यांना अशी ड्यूटी येईल त्यांची नावे कळली की लगेच त्यांचे स्नेहसंमेलन, सहल, प्रदर्शन यांतले काम काढून घ्या. "तुम्ही ड्यूटी सांभाळा, बाकीचे आम्ही बघतो" एवढे वाक्य लेखी दिले तर उत्तम.

2025 पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते. निकाल, नवे वर्ग, ऊन हे सगळे एका महिन्यात येते. त्या महिन्यात नवे प्रशिक्षण, नवी समिती, नवा उपक्रम काही आणू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला 50 तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सांगितले आहे. ते वर्षभर पसरून आधीच कॅलेंडरवर लिहा, म्हणजे फेब्रुवारीत धावपळ होत नाही.

पटसंख्येचेही इथेच सांगते. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. त्यातल्या कित्येक आज मोजक्या मुलांवर चालतात, आणि शिक्षक दाखल्यांसाठी दारोदार फिरतात. शाळा बंद पडेल, आपण सरप्लस (जादा) ठरू, ही भीती वर्षभर डोक्यावर असते. "यंदा तुमच्या वाड्यावरून किती मुले आणलीत?" असे सगळ्यांसमोर विचारू नका. गावात मुलेच जन्मत नसतील तर तो बाईंचा दोष नाही. मुले आणणे हे शाळेचे, पालक-शिक्षक संघाचे आणि व्यवस्थापनाचे काम म्हणून वाटून घ्या.

पालकाची तक्रार आली तर

इथे मुख्याध्यापकाची परीक्षा होते, आणि स्टाफ बारकाईने बघत असतो. पालक रागाने ऑफिसात येतात, किंवा आधी पंचाला (पंचायत सदस्याला) सांगतात आणि पंच फोन करतो. कधी ती तक्रार करणारे पालक तुमच्याच देवस्थान समितीवर असतात.

तक्रार पूर्ण ऐका, लिहून घ्या, त्यांच्यासमोर शिक्षकाला बोलवून जाब विचारू नका. असे म्हणता येते: "तुमचे म्हणणे मी लिहून घेतले. आज बाईंशी बोलते. परवा चारला तुम्ही या, आपण तिघे बसू." पालकाला उत्तराची तारीख मिळते, बाईंना तयारीची संधी मिळते, तुम्हाला दोन्ही बाजू कळतात.

त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी, बाईंना स्वतः सांगा. त्यांना ते बाजारात किंवा बसमध्ये कळता कामा नये. सांगताना शब्द जपा. "तुम्ही काय केलेत?" असे विचारले की माणूस बचावात जातो, "त्या तासाला काय झाले ते मला सांगा" म्हटले की सांगतो. बैठकीत चूक बाईंची निघाली तर ती त्यांनी मान्य करावी, तुम्ही शेजारी बसा. चूक नसेल तर पालकांना तेही स्वच्छ शब्दांत सांगा. वर्तमानपत्राला किंवा पंचाला कोणी काय सांगायचे, ते त्याच बैठकीत ठरवा.

एक रेघ मात्र पक्की असू द्या. मुलाला मारणे किंवा मानसिक छळ करणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद केले आहे. गोव्याला 2003 चा स्वतःचा बाल कायदाही आहे आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अशा वेळी 'आपल्या माणसाला सांभाळून घेऊ' चालत नाही. आतल्या आत चौकशी करून मिटवायचेही नाही. शिक्षकाला आधार द्यायचा म्हणजे त्याला कायदेशीर सल्ला घ्यायला वेळ द्यायचा आणि स्टाफरूममध्ये त्याच्याविषयी कुजबुज चालू द्यायची नाही. त्याहून पुढे जायचे नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच हे सगळ्यांना समजावून सांगितले, तर ऐन वेळी कोणी "मला माहीत नव्हते" म्हणत नाही, आणि उगाच घाबरून मुलांशी बोलणेच टाकणाऱ्या नव्या शिक्षकांनाही धीर येतो.

स्टाफमध्ये आपापसातल्या छळाची तक्रार असेल, लैंगिक छळाची विशेषतः, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान शाळेतल्या बाईंना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. समितीच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावा. चार्ज घेतल्यावर ही समिती नुसती कागदावर आहे की खरी, ते पहिल्याच महिन्यात तपासा.

पगार आणि सेवापुस्तिका

वेतननिश्चिती अडकली, थकबाकी राहिली, पेन्शनच्या कागदात नावाचे स्पेलिंग चुकले: माणसाची झोप उडवणाऱ्या गोष्टी या. क्लार्कसोबत बसून दर वर्षी एकदा प्रत्येकाची सेवापुस्तिका उघडा, नोंदी दाखवा, सही घ्या. निवृत्तीला दोन वर्षे उरली की त्या शिक्षकाची फाईल वेगळी काढा. लेक्चर बेसिसवाल्यांची बिले महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पर्वरीला शिक्षण खात्यात जातील असे बघा. बिल कुठे अडले ते त्यांना तुम्हीच सांगा, त्यांना विचारायला लाज वाटते. रजेचे नियम एका पानावर छापून स्टाफरूममध्ये लावा. पुष्कळ जणांना आपल्याला कोणती रजा मिळते हेच माहीत नसते.

एकशिक्षकी शाळा असेल तर

तिथे मुख्याध्यापक, शिक्षक, क्लार्क सगळे एकच. माध्यान्ह आहार स्वयंसाहाय्य गटाकडून येतो, तो चाखून नोंद करायची, आणि त्याच वेळी चार इयत्ता समोर. ताप आला तरी रजा घेता येत नाही, कारण शाळा उघडणार कोण? शेजारच्या शाळेशी जोडी बांधा आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांना ती लेखी कळवा: तुमच्या रजेत त्यांच्यातला एक येईल, त्यांच्या अडचणीला तुम्ही. मीटिंगा शाळा सुटल्यावर ठेवाव्यात, अशी विनंती तालुक्यातल्या सगळ्यांनी मिळून केली तर ती ऐकली जाण्याची शक्यता जास्त.

कोणी खरोखरच खचत असेल तर

वेळापत्रक सुधारले, मोबाईल शांत झाला, तरी एखादा माणूस सावरत नाही. आठवड्यांमागून आठवडे झोप नाही, जेवण नाही, वारंवार रजा, डबा न उघडता परत नेणे, एरवी शांत बाईंचे वर्गावर फाटकन ओरडणे, किंवा नुसतेच "पुरो जालें आतां" म्हणत बसून राहणे. अशा वेळी बोलायची सुरुवात साधी करा. "बाई, जरा बसा. पुढचा तास मी घेते. गेले काही दिवस तुम्ही ओढलेल्या दिसता, काय चाललेय?" मग गप्प राहा. उपाय सुचवू नका, 'माझ्या बहिणीचे असेच झाले होते' नको, देवाचे नाव घेऊन विषय मिटवायलाही नको.

ऐकणे शिकता येते, याचा पुरावा गोव्यातच आहे. डॉ. विक्रम पटेल सहसंस्थापक असलेल्या 'संगत' या संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार करून पाहिला. तो उपयोगी ठरल्याचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. म्हणून तुम्ही समुपदेशक व्हावे असे नाही. साध्या माणसाने नीट ऐकल्याने फरक पडतो आणि वेळेवर मदत घेतली की माणूस बरा होतो, एवढा विश्वास त्यातून घ्यावा. शाळेतले समुपदेशक मुलांसाठी असतात. त्यांना स्टाफची प्रकरणे देऊ नका, पण कोणाकडे जावे ते त्यांना विचारता येते.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, आणि नाव न सांगताही बोलता येते. तो स्टाफरूममध्ये आणि दोन्ही स्वच्छतागृहांत आतल्या बाजूने लावा, म्हणजे कोणाच्या नजरेसमोर लिहून घ्यावा लागत नाही. बांबोळीला मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तिथे जायला माणसे अजून कचरतात, कारण पार्किंगमध्ये गाववाला भेटेल. म्हणून पाठवताना 'तिकडे जा' असे न म्हणता "सकाळी लवकर जाऊया, हवे तर मी येते, किंवा तुमच्या विश्वासाचे कोणी घ्या" असे म्हणा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. रजेच्या अर्जावर 'वैद्यकीय कारण' पुरते, आजाराचे नाव स्टाफला सांगायचे नाही. परत आल्यावर पहिले दोन आठवडे तास कमी ठेवा, वर्गशिक्षकपद दुसऱ्याकडे असू द्या.

आणि कोणी मरणाची भाषा केली तर ती थट्टेवारी नेऊ नका. स्पष्ट विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट ओझे हलके होते. त्या माणसाला एकटे घरी पाठवू नका, घरच्यांना बोलवा, 14416 ला लावा, धोका तातडीचा वाटला तर 108 ला रुग्णवाहिकेसाठी.

आणि तुमचे स्वतःचे

मुख्याध्यापकाला स्टाफरूममध्ये पूर्वीसारखे बसता येत नाही. दार उघडताच गप्पा थांबतात. व्यवस्थापन तुम्हाला स्टाफचा माणूस समजते, स्टाफ व्यवस्थापनाचा. हे मनाला लावून घेऊ नका, ते त्या खुर्चीचे आहे. तालुक्यातल्या दोन-तीन मुख्याध्यापकांशी गट जमवा, शक्यतो दुसऱ्या व्यवस्थापनाच्या. महिन्यातून एकदा म्हापशाला किंवा फोंड्याला चहाला भेटा, आणि तिथे खात्यावर मनसोक्त तोंडसुख घ्या. घरच्यांना रोज ऐकवण्यापेक्षा ते बरे.

आठवड्यातून एक तरी तास स्वतः शिकवा, सर्वांत आवडता विषय, सर्वांत आवडता वर्ग. तो तास कोणत्याही मीटिंगसाठी सोडायचा नाही. फाईलींनी जीव उबगलेला असतो तेव्हा आपण या धंद्यात का आलो ते वर्गातच आठवते.

दुसऱ्या फळीत एका शिक्षकाला हळूहळू तयार करा: कोणत्या फाईली कुठे आहेत, कोणते पासवर्ड कोणाकडे, बिल कोणत्या तारखेला. मगच तुम्हाला रजा घेता येते. ती घ्या, आणि रजेत शाळेचा फोन उचलू नका. पुढच्या वर्षाचे कॅलेंडर मांडताना परीक्षा आणि समारंभ लिहिण्याआधी आपल्या आणि त्या दुसऱ्या शिक्षकाच्या रजेचे आठवडे लिहा. दोघांचे एकाच वेळी येणार नाहीत एवढे बघा. ती प्रत क्लार्कच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवा.